अहमदीची कोठडी आणि १९२०ची भिंत

११ जानेवारी २०११ रोजी कुवेतमधल्या अहमदी इथे पोलिसांच्या ताब्यात असलेला एक माणूस मेला. मुहम्मद अल-मैमूनी अल-मुतैरी हे त्याचे नाव, वय पस्तिशीच्या आसपास. दारू बाळगल्याच्या संशयावरून गुन्हे अन्वेषण खात्याच्या लोकांनी काही दिवसांपूर्वी त्याला उचलले होते. कुवेतमध्ये दारू ठेवणे हा गुन्हा आहे, पण फाशीचा नाही, आणि खटल्याशिवाय मरण्याचा तर नाहीच नाही.

गृहखात्याच्या पहिल्या निवेदनात मारहाणीचा शब्द नव्हता. त्यात दुखणे होते आणि अटकेच्या वेळची झटापट होती. कोठडीतल्या मृत्यूनंतर जगातले कुठलेही पोलीस खाते जे सांगते तेच इथेही सांगितले गेले. फरक पुढे पडला. काही तासांतच संसद सदस्यांच्या हाती वैद्यकीय कागद आले आणि त्यांत अंगावरच्या मारहाणीच्या खुणा नोंदलेल्या होत्या. मुसल्लम अल-बर्राक, वलीद अल-तबतबाई असे विरोधी सदस्य उघडपणे छळ झाल्याचे बोलू लागले. दोन दिवसांत गृहमंत्री शेख जाबिर अल-खालिद अल-सबाह यांनी राजीनामा देऊ केला. मंत्री राजघराण्यातला. कुवेतमध्ये गृहखाते तेव्हा सबाह घराण्याबाहेर जात नसे. अशा माणसाने एका साध्या कैद्याच्या मृत्यूवरून पद सोडायची तयारी दाखवावी, हे अरबी आखातात सहसा घडत नाही.

संसदेने चौकशी समिती नेमली. छळ झाला होता हे खात्यालाही पुढे नाकारता आले नाही. ६ फेब्रुवारीला राजीनामा स्वीकारला गेला. पोलिसांवर खटला उभा राहिला, दोघांना जन्मठेप झाली, इतरांनाही तुरुंगवास झाला आणि वरच्या न्यायालयांनी ती जन्मठेप कायम ठेवली.

ही हकीकत इथेच थांबवली तर ती न्यायाची गोष्ट होते. मैमूनीला न्याय मिळाला, मेल्यावर का होईना, आणि तो मिळायलाच हवा होता. पण ती थांबवता येत नाही. कारण त्याच देशात, त्याच खात्याच्या कोठड्यांत त्याच्या आधीही माणसे मेली होती आणि त्यांच्यासाठी कुणाचीही खुर्ची हलली नव्हती. मैमूनीच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. तो कुवेती नागरिक होता आणि तो मुतैर टोळीचा होता. त्या देशातल्या मोठ्या टोळ्यांत मुतैरची गणना होते, अल-बर्राकही त्याच टोळीचे.

हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते, एका भिंतीपर्यंत. १९२० साली मध्य अरबस्तानातल्या नज्दच्या इख्वान लढवय्यांनी कुवेतवर चाल केली. त्यांचा पुढारी फैसल अल-दुवैश हा मुतैर टोळीचाच प्रमुख. त्या वर्षी शहरातल्या लोकांनी भरउन्हात, रोजे चालू असताना, शहराभोवती मातीची तटबंदी उभारली, आणि ऑक्टोबरात जहरा गावी लढाई झाली. तट १९५७ साली शहर वाढू लागल्यावर पाडला, वेशी तेवढ्या राखल्या. आजही शहरातल्या रस्त्यांवर त्या उभ्या दिसतात. भिंत पडल्यावर दोनच वर्षांनी, १९५९ साली, नागरिकत्वाचा कायदा आला. मूळ कुवेती कोण, तर जो १९२०च्या आधी कुवेतमध्ये स्थायिक झाला होता तो आणि त्याची संतती. पुरावा नाही तो बाहेर. मातीचा तट गेला आणि त्याचे साल कागदावर आले.

कायदा माणसामाणसात फरक करतो, ही कुवेतला नवी गोष्ट नव्हती. इथे आपला, म्हणजे मुंबईचा, संबंध येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुवेतचा बाजार मुंबईशी जोडलेला होता. खजूर आणि मोती घेऊन कुवेती गलबते पश्चिम किनाऱ्यावर येत, तांदूळ, कापड, लाकूड घेऊन परत जात. कुवेतच्या बाजारात रुपया चाले, तो १९६१मध्ये दिनार येईपर्यंत चालला. आणि रुपयाबरोबर हिंदुस्थानचे कायदेही गेले होते. १९२५च्या ब्रिटिश राजाज्ञेनुसार कुवेतमधल्या ब्रिटिश प्रजाजनांवर, म्हणजे बहुतांशी हिंदी माणसांवर, खटला चालवण्याचा अधिकार तिथल्या पोलिटिकल एजंटाकडे होता, आणि तो चालवायचा ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायद्यांनी. ज्या भारतीय दंड संहितेखाली पुण्या-मुंबईत लोक तुरुंगात जात, तीच कुवेतच्या वाळवंटात एका हिंदी कारकुनाला लागू होई. शेजारच्या दुकानातल्या कुवेती माणसाचा न्याय मात्र शेखाच्या दरबारात किंवा काझीपुढे होई. गुन्हा एकच असला तरी न्यायालय ठरायचे माणूस कुणाची प्रजा आहे यावरून. ही दुहेरी व्यवस्था १९६१पर्यंत, म्हणजे स्वातंत्र्यापर्यंत टिकली.

अहमदी हे गावही त्याच मनोवृत्तीतून घडले. १९३८मध्ये बुरगानला तेल लागले, १९४६च्या जूनमध्ये पहिले जहाज भरून गेले, आणि राज्यकर्ते शेख अहमद अल-जाबिर यांच्या नावाने कुवेत ऑइल कंपनीने टेकडीवर हे नगर वसवले. साहेबांच्या बंगल्यांचा भाग वेगळा, हिंदी आणि पाकिस्तानी कारकुनांचा वेगळा, अरब मजुरांचा त्याहून वेगळा. पोलीस कुणाच्या दारात दार ठोठावून येतील आणि कुणाच्या दारात लाथ मारून, हे पत्त्यावरून सांगता यावे अशी ती रचना होती.

पण कुवेतच्या इतिहासात दुसरा एक धागाही आहे, आणि तो न सांगणे अन्यायाचे होईल. १९३८च्या सुरुवातीला मुहम्मद अल-बर्राक नावाच्या माणसाला राज्यकर्त्यावर टीका केल्याबद्दल पकडून फटके मारले गेले. त्या फटक्यांनी व्यापारी पेटले. जूनअखेर सुमारे दीडशे घराण्यांच्या प्रमुखांनी १४ जणांचे मजलिस निवडले, अरबी आखातातले ते पहिले निवडलेले विधिमंडळ. सहा महिन्यांत शेखाने ते मोडले आणि मार्च १९३९मध्ये झालेल्या चकमकीनंतर मुहम्मद अल-मुनय्यिस या चळवळ्याला देहदंड झाला. तरी एका माणसाला मारलेल्या फटक्यांवरून सत्तेला जाब विचारायचा, ही सवय लोकांच्या अंगात राहिली. १९६२च्या राज्यघटनेत ती उतरली. कलम ३१ छळाला आणि अपमानास्पद वागणुकीला बंदी घालते, कलम ३४ आरोपीला शारीरिक किंवा मानसिक इजा करू नये म्हणते, कलम २९ सर्व माणसे कायद्यापुढे समान म्हणते. १९७०च्या दुरुस्तीने कबुलीसाठी छळ करणाऱ्या सरकारी नोकराला पाच वर्षांपर्यंत शिक्षा ठरवली. १९९६मध्ये कुवेत छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारातही सामील झाला.

त्याच राज्यघटनेत १६७ क्रमांकाचे कलमही आहे. फौजदारी खटले चालवण्याचे काम सरकारी अभियोग खात्याचे, असे ते सांगते आणि लगेच एक पळवाट ठेवते: किरकोळ गुन्ह्यांच्या बाबतीत अपवाद म्हणून हे काम सार्वजनिक सुरक्षा खात्याकडे देता येईल. १९६०च्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने ते आधीच दिलेले होते. तीन वर्षांहून जास्त शिक्षेचा गुन्हा तो जिनाया, त्याचा तपास अभियोग खाते करील. तीन वर्षांपर्यंतचा तो जुन्हा, त्याचा तपास आणि खटला गृहखात्याचेच तपास अधिकारी चालवतील. अपवाद म्हणून लिहिलेली ही तरतूद पन्नास वर्षे रोजचा नियम होऊन बसली.

याचा अर्थ कोकणातून गेलेल्या एखाद्या ड्रायव्हरला विचारा. मखफरमध्ये, म्हणजे ठाण्यात, शिपायाने दोन कानाखाली मारल्या. तक्रार करायची तर कुणाकडे? साधी मारहाण हा जुन्हा, म्हणून ती लिहून घेणार गृहखात्याचाच माणूस. मारणारा आणि चौकशी करणारा एकाच खात्याचा पगार घेणारे. मैमूनी मेला म्हणून त्याचे प्रकरण जिनाया झाले आणि त्या खात्याच्या हातून निसटले. ज्याला साधी मारहाण होते आणि जीव वाचतो, त्याच्या वाट्याला हे दार येत नाही.

आता १९९१.

२ ऑगस्ट १९९०ला इराकी सैन्याने कुवेत घेतले. त्या सात महिन्यांत इराकी गुप्तहेरांनी कुवेती लोकांचे जे हाल केले ते भयानक होते, शेकडो माणसे परत आलीच नाहीत. आपल्याकडे ते वर्ष लक्षात आहे ते विमानांमुळे. अम्मानहून एअर इंडियाची विमाने पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना घेऊन मुंबईला उतरत होती. आयुष्याची कमाई तिथल्या बँकेत अडकलेली आणि हातात एक पिशवी, असे लोक सहार विमानतळावर उतरले. रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांत ती गोष्ट अजून सांगितली जाते.

त्यांच्या मागे तिथे काय झाले, ते मात्र आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. २६ फेब्रुवारी १९९१ला कुवेत मुक्त झाला आणि त्याच दिवशी लष्करी कायदा लागू झाला, तो चार महिने चालला. युद्धापूर्वी कुवेतमध्ये सुमारे चार लाख पॅलेस्टिनी होते. शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर, कारकून. देश त्यांनी हाताने उभा केला होता. यासर अराफत यांनी सद्दामची बाजू घेतली आणि त्याचे शासन या सर्वांना भोगावे लागले. नाकाबंदीवर नाव विचारायचे, बोलीवरून ओळखायचे, गाडीत घालायचे. पोलीस ठाण्यांत, शाळांत, तळघरांत मारहाण झाली, विजेचे झटके दिले गेले, काही जण मेले. अॅम्नेस्टी आणि मिडल ईस्ट वॉच या मानवी हक्क संस्थांनी त्याच वर्षी ते तपशीलवार लिहून ठेवले. रिक्का कबरस्तानात बेनाव माणसांच्या कबरी सापडल्या. मे महिन्यात लष्करी न्यायालये सुरू झाली आणि सद्दामचे चित्र असलेला टी-शर्ट घातल्याबद्दल एका तरुणाला १५ वर्षांची शिक्षा झाली. जगभर ओरड झाली तेव्हा फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या गेल्या.

छळ करणाऱ्यांचे काय? एवढ्या सगळ्या प्रकरणांत खटले झाले ते अगदी मोजके. चौकशी समितीपुढे कुणी मंत्री उभा राहिला नाही. पॅलेस्टिनींना संसदेत आवाज नव्हता, संसद तर तेव्हा अस्तित्वातच नव्हती. वर्ष-दीड वर्षात चार लाखांतले बहुतेक निघून गेले, उरले तीस-चाळीस हजारांच्या आसपास. मेलेल्यांचे नातेवाईक अम्मानला, जाब विचारायचा कुणाला? आपल्यावर झालेला छळ हा माणसाला दुसऱ्याचा छळ ओळखायला शिकवतो, असे आपण मानून चालतो. १९९१च्या वसंतात कुवेतमध्ये तसे झाले नाही, आणि मला त्या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सर्वांत जास्त बोचते.

बिदूनांची कथा तर आणखी विलक्षण. बिदून म्हणजे 'विना', नागरिकत्वाविना. १९५९च्या नोंदणीत ज्यांच्या बापजाद्यांनी नाव घातले नाही, वाळवंटात गुरे चारत होते, कागदाचे महत्त्व कळले नव्हते, त्यांची ही मुले-नातवंडे. १९९०पूर्वी लष्करात आणि पोलिसांत शिपाई म्हणून त्यांचाच मोठा भरणा होता. देशाचा गणवेश त्यांच्या अंगावर, देश मात्र त्यांचा नव्हे. युद्धानंतर त्यांना घाऊक काढून टाकले गेले, काहींना तर इराकी लोकसेनेत सामील झाल्याच्या संशयावरून छळले गेले. काल ज्या ठाण्यात पहारा दिला त्याच ठाण्यात आज कोठडीत.

आणि बाया. युद्धानंतर परतलेल्या कुवेती घरांनी आशियातून मोलकरणी आणल्या: फिलिपाइन्स, श्रीलंका, बांगलादेश आणि भारतातून. १९९१-९२मध्ये मारहाण आणि बलात्कार सोसून शेकडो जणी वकिलातींच्या दारात येऊन बसल्या. १९९२ साली मिडल ईस्ट वॉचने त्यांच्याविषयी जे नोंदवले त्यातली एक गोष्ट पोलिसांविषयी होती. घरातून पळून ठाण्यात आलेल्या बाईची तक्रार घेण्याऐवजी तिला परत मालकाच्या हवाली केले जाई. पळून आलेली बाई म्हणजे पोलिसांच्या लेखी आधी गुन्हेगार, कारण मालक सोडून जाणे हाच गुन्हा. काही जणींवर तर ठाण्यातच अत्याचार झाले. यासाठीही कुणा मंत्र्याला पद सोडावे लागले नाही.

तर हे सगळे २०११च्या जानेवारीच्या पाठीशी होते. आणि त्या जानेवारीच्या आधी, ८ डिसेंबर २०१०ला, आणखी एक घटना घडली होती. सुलैबिखात भागात जमआन अल-हर्बश या संसद सदस्याच्या दिवाणियात, म्हणजे घराच्या बैठकीत, सभा भरली होती. दिवाणिया ही कुवेती समाजाची खास जागा. संध्याकाळी पुरुष जमतात, चहा-कॉफी होते, राजकारण होते, आणि तिथे पोलीस शिरत नाहीत असा संकेत. त्या रात्री विशेष दलाने लाठ्या चालवल्या. संसद सदस्यांनी मार खाल्ला, कायद्याचे प्राध्यापक उबैद अल-वस्मी यांना जमिनीवर पाडून मारताना चित्रफितीत सगळ्या देशाने पाहिले. मार खाल्लेल्या वस्मींनाच अटक झाली. पंतप्रधान शेख नासिर अल-मुहम्मद यांच्यावर असहकाराचा ठराव आला, ५ जानेवारी २०११ला तो २५ विरुद्ध २२ मतांनी पडला. तीन मतांनी सरकार वाचले आणि सहा दिवसांनी मैमूनी मेला.

म्हणून त्या मृत्यूने एवढा भडका उडाला. लाठीचा अनुभव आता खुद्द संसद सदस्यांच्या पाठीला होता. त्याच सुमारास ट्युनिसमध्ये बेन अलीची सत्ता गेली आणि कैरोत लोक रस्त्यावर उतरले. इजिप्तमध्येही ठिणगी पोलिसांनीच टाकली होती. अलेक्झांड्रियात खालिद सईद या तरुणाला जून २०१०मध्ये पोलिसांनी मारून टाकले होते आणि लोकांनी उठावासाठी निवडलेला २५ जानेवारी हा तिथला पोलीस दिन. कुवेतमध्ये तरुणांच्या एका गटाने ८ फेब्रुवारीला संसदेपुढे निदर्शनांची हाक दिली. गटाचे नाव होते 'अल-सूर अल-खामिस', पाचवी तटबंदी. पुन्हा तीच भिंत. दोन दिवस आधी मंत्र्यांचा राजीनामा स्वीकारला गेला आणि निदर्शने पुढे ढकलली गेली. नवे गृहमंत्री झाले शेख अहमद अल-हमूद अल-सबाह. खाते त्यांना परके नव्हते. १९९१-९२मध्येही तेच गृहमंत्री होते.

फेब्रुवारीत कुवेत स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव आणि मुक्तीची वीस वर्षे साजरी करणार होता. अमीरांनी जानेवारीतच जाहीर केले होते की प्रत्येक नागरिकाला, तान्ह्या बाळासकट, एक हजार दिनार आणि वर्षभराहून अधिक काळ शिधा मोफत मिळेल. देशात तेव्हा साधारण पस्तीस लाख माणसे राहत होती, त्यांतले एक तृतीयांश नागरिक.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार. मंत्री बदलून बारा दिवस झाले होते. जहराजवळच्या तैमा वस्तीत आणि सुलैबियात बिदून रस्त्यावर आले. जहरा म्हणजे १९२०च्या लढाईचीच जागा. त्यांच्या हाती कुवेतचे झेंडे होते, अमीरांची छायाचित्रे होती. मागणी एवढीच: जन्माचा दाखला, लग्नाची नोंद, मुलाला शाळा, नागरिकत्व. पोलिसांनी पाण्याचे फवारे, अश्रुधूर, आवाजी बॉम्ब वापरले. डझनांनी लोक धरले, कित्येक जखमी झाले. संसदेत काही सदस्य बोलले, हे खरे. पण चौकशी समितीसमोर मंत्री उभा राहण्यासारखे काही झाले नाही. पाचव्या तटबंदीच्या आत बिदूनांना जागा नव्हती.

इथे थोडे थांबून आपल्याकडे पाहिले पाहिजे, नाहीतर हे लिहिण्याचा अधिकार मला राहणार नाही. ख्वाजा युनूस हा परभणीचा तरुण इंजिनिअर, नोकरी आखातात, दुबईला. सुटीवर घरी आलेला असताना डिसेंबर २००२च्या घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या तपासात त्याला अटक झाली. जानेवारी २००३मध्ये पोलिसांनी सांगितले की औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीप उलटली आणि तो पळाला. त्याच्या सहआरोपीने न्यायालयात सांगितले की त्याने युनूसला कोठडीत मार खाताना, रक्त ओकताना पाहिले. सीआयडीच्या तपासात चौदा पोलिसांची नावे आली. राज्य सरकारने खटल्याची परवानगी दिली फक्त चौघांविरुद्ध. मुंबई उच्च न्यायालयाने २०१२मध्ये त्याच्या आईला भरपाई द्यायला लावली, पण दोन दशके उलटली तरी खटल्याचा निकाल लागला नव्हता, आणि जून २०२०मध्ये त्या चौघांना पुन्हा सेवेत घेतले गेले. त्याचा मृतदेह आईला कधी मिळाला नाही. अहमदीच्या खटल्यात दोन पोलीस जन्मठेपेवर गेले. आपल्या राज्यात, आपल्या राज्यघटनेखाली, सरकारच्या परवानगीच्या एका कागदाने दहा पोलीस खटल्याच्या बाहेर राहिले. कुवेतकडे बोट दाखवताना हे विसरणे मला जमत नाही.

पण युनूसच्या आईला निदान न्यायालयाचे दार ठोठावता आले. कुवेतमधल्या परदेशी माणसासाठी हद्दपारीच्या बाबतीत ते दार कायद्यानेच बंद केलेले आहे. १९५९च्या परदेशी नागरिकांच्या वास्तव्याच्या कायद्याने गृहमंत्र्याला असा अधिकार दिला की अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वैध असला तरी सार्वजनिक हितासाठी किंवा सुरक्षेसाठी कुणाही परक्याला देशाबाहेर काढता येईल. यासाठी गुन्हा सिद्ध व्हायला नको, न्यायाधीशही नको. आणि १९८१मध्ये प्रशासकीय न्यायालये स्थापन करणाऱ्या कायद्याने सरकारच्या निर्णयांविरुद्ध दाद मागायची सोय केली तेव्हा काही विषय त्यातून मुद्दाम वगळले. त्यांत परदेशी माणसाचे वास्तव्य आणि हद्दपारी होती.

त्यामुळे पोलिसाच्या हातात लाठीपेक्षा मोठे हत्यार आले. २०१३च्या वसंतात वाहतूक खात्याने जाहीर केले की परवान्याशिवाय गाडी चालवणारा, लाल दिवा तोडणारा, खासगी गाडी टॅक्सी म्हणून चालवणारा परदेशी माणूस थेट विमानात बसवला जाईल. काही आठवड्यांत हजाराहून अधिक माणसे गेली. त्याच चौकात तोच लाल दिवा तोडणाऱ्या नागरिकाला दंड. यात भारतीय होते, आणि दिल्लीलाही कुवेतशी बोलणी करावी लागली. आज कुवेतमधला सर्वांत मोठा परदेशी समाज भारतीयांचा आहे, दहा लाखांच्या घरात. दापोली, खेड, चिपळूण, श्रीवर्धन, म्हसळा या भागांतली कितीतरी घरे 'बाबा कुवेतला असतात' या एका वाक्यावर उभी आहेत. त्या घरातल्या माणसाला कर्जाचा हप्ता ठाऊक असतो, मुलाची फी ठाऊक असते आणि हेही ठाऊक असते की मखफरमध्ये हुज्जत घातली तर तिकीट परतीचे. म्हणून तो हुज्जत घालत नाही. मारहाण झाली तर सांगत नाही. फोनवर घरी तर नाहीच सांगत. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा आकडा कमी असण्याचे हे एक कारण आहे, आणि ते कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

मैमूनीच्या प्रकरणाने ज्या संसदेचा दरारा दाखवला तिचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. १६ नोव्हेंबर २०११ला भ्रष्टाचाराविरुद्धचा जमाव संसदेत घुसला, महिनाअखेर पंतप्रधान गेले. मग सरकारची पाळी आली. मुसल्लम अल-बर्राक यांना अमीरांच्या अपमानाबद्दल दोन वर्षे तुरुंगात काढावी लागली. संसदेत घुसलेल्यांना २०१७मध्ये अपील न्यायालयाने लांबलचक शिक्षा दिल्या, त्यांत अल-हर्बश, अल-तबतबाई असे माजी सदस्य होते. लाठी चालवणाऱ्यांचा हिशेब २०११मध्ये झाला होता. लाठीविरुद्ध बोलणाऱ्यांचा पुढची अनेक वर्षे चालू राहिला. वस्मी मात्र २०२१च्या पोटनिवडणुकीत प्रचंड मतांनी निवडून आले.

१० मे २०२४ रोजी अमीर शेख मिशअल अल-अहमद यांनी संसद बरखास्त केली आणि राज्यघटनेची काही कलमे चार वर्षांपर्यंत स्थगित केली. समुद्रकिनाऱ्यावरची ती इमारत, तंबूसारखे छत असलेली, योर्न उत्झोन यांनी आखलेली, १९९१मध्ये पळत्या इराक्यांनी जाळलेली आणि पुन्हा बांधलेली, आता रिकामी आहे. कोठडीत मेलेल्या माणसाचे वैद्यकीय कागद हातात धरून मंत्र्यापुढे उभा राहील असा सदस्य आता नाही.

आणि त्या वर्षापासून नागरिकत्वाच्या नोंदी नव्याने तपासल्या जाऊ लागल्या. हजारो माणसांची नावे काढून टाकल्याच्या याद्या सरकारी राजपत्रात येऊ लागल्या. लग्नामुळे नागरिक झालेल्या बाया त्यांत मोठ्या संख्येने होत्या, आणि खोट्या कागदांच्या आरोपावरून ज्यांची फाइल बंद झाली तेही होते, मुलानातवंडांसह. काल रेशन आणि हजार दिनार घेणारे आज रांगेत नव्या कागदासाठी उभे. त्यांतल्या काहींनी वकील गाठले. वकिलांनी त्यांना १९८१चा तोच कायदा उघडून दाखवला. न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवलेल्या विषयांच्या यादीत, परदेशी माणसाच्या हद्दपारीच्या शेजारीच, नागरिकत्वाचे प्रश्नही तेव्हापासून लिहिलेले होते.